बाबांचा डीटीपीचा जुना कॉम्प्युटर : हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी का?

जास्वंदी | बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.२०

मिरजेला बाबांचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंज, वास्तुशांत, हॉटेलांची मेनूकार्डं, मार्च संपला की पतसंस्थांचे अहवाल. मशीन २०१४ सालचं, गावातच असेंबल केलेलं. चौथ्या पिढीचा आय-३, एच-८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. नेहमीप्रमाणे सी, डी, ई असे तीन भाग पाडलेले. मुळात विंडोज ७ होतं, त्याच्यावरच पुढे १० चढवलं.

बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत सव्वाचार मिनिटं लागतात. हे मी घड्याळ लावून मोजलं. बाबांचं माप वेगळं आहे. बटण दाबायचं आणि तयार पत्रिका मोजायला घ्यायच्या. शंभराचे दोन गठ्ठे मोजून रबर लावून झाले की कॉम्प्युटर 'माणसात येतो'. पानं जुळवायचं पेजमेकर उघडताना तिसरा गठ्ठा.

काल विंडोज १० चा सपोर्टही संपला. दुकानवाला म्हणतो नवीनच घ्या. बाबा म्हणतात याला काय झालंय? दिवाळीला जाणार आहे, तुळशीच्या लग्नानंतर त्यांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून काय करायचं ते याच आठवड्यात. एसएसडी, म्हणजे ती चिपवाली डिस्क, घालून उपयोग होईल का? मी स्क्रू-ड्रायव्हर धरू शकते, पण त्यापुढचं ज्ञान बेताचं आहे.

कळफलक | बुधवार, रात्री १०.५५

घाला. डोळे मिटून घाला.

तुमचा प्रोसेसर अजून बरा आहे हो, तो नुसता वाट बघत बसतो. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी ते डोकं नेमक्या वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका ठिकाणचं वाचायला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणं. विंडोज उठताना हजारो बारक्या बारक्या फायली मागतं. पंगतीला तीनशे पानं आणि वाढपी एकच, तोही प्रत्येक पानाला चिमूटभर मीठ वाढायला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येणारा. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तेच वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं.

म्हणून खोक्यावरचा 'सेकंदाला ५५० एमबी' हा आकडा बघून हुरळू नका आणि दोन कंपन्यांत ५२० की ५५० याचा घोळही घालू नका. तुम्हाला फरक जाणवणार आहे तो त्या मिठाच्या खेपांचा.

एक लक्षात ठेवा. एच-८१ वर साटाचे, म्हणजे डिस्कची केबल लावायचे, चार पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. बाकीचे दोन ३ चे. बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, बऱ्याचदा रंगही वेगळा असतो. एसएसडी ६ वाल्यात लावा.

तिरकसराव | बुधवार, रात्री ११.१०

म्हाताऱ्या बैलाला नवी झूल! अकरा वर्षांचं मशीन आहे. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, याला ते अधिकृतपणे मिळणार नाही. उद्या वीज पुरवणारा एसएमपीएस उडाला की बोंबला. एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाची एसएसडी, असलेलं नवं मशीन घ्या, सेकंदाला साडेतीन हजार एमबी.

कळफलक | बुधवार, रात्री ११.२५

तिरकसराव, मशीन जुनं आहे हे मान्य. पण एसएमपीएस उडाला तरी एसएसडी कुठे जात नाही, ती उचलून नव्या मशीनमध्ये लावता येते. आणि पत्रिकेचं काम करणाऱ्या माणसाला साध्या साटा एसएसडीत आणि एनव्हीएमईत फरक कळला तर मी इथली माझी आयडी बंद करीन. मोठमोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवायचे असतील तर गोष्ट वेगळी.

ताई, एनव्हीएमईच्या नादाने कार्ड-अडॅप्टर आणायला जाऊ नका. त्या काळातले बहुतेक बोर्ड एनव्हीएमईवरून बूटच होत नाहीत.

अक्षरजुळारी | गुरुवार, १६ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

माझंही दुकान आहे, कोल्हापूरला, म्हणून राहवलं नाही. तिरकसराव, डीटीपीवाला मशीन का बदलत नाही हे जरा ऐका.

आमचं अर्धं आयुष्य जुन्या फाँटांत अडकलंय. युनिकोड घराघरात पोचायच्या आधीचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली मराठी अक्षरं. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि उद्गारचिन्हांची खिचडी दिसते. पेजमेकरचं शेवटचं ७.० आलं २००१ साली. विंडोज १० वर ते कुरकुरत का होईना चालतं. सोबत डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला खोचायची चावी), त्याचा जुना ड्रायव्हर, कळफलकाची मांडणी. माझ्या बोटांना पंचवीस वर्षांची सवय आहे, ती इनस्क्रिप्टला जुमानत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मोठ्या मुलाच्या वेळी छापली होती तशीच द्या, फक्त नाव बदला. ती २०११ ची फाइल उघडली नाही तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात.

तेव्हा जास्वंदीताई, कोणी 'फॉरमॅट मारून फ्रेश विंडोज टाकून देतो' म्हणालं तर हात धरा त्याचा. आहे तसं क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर.

आणि एक विचारून ठेवा. काही जुन्या सॉफ्टवेअरांचं लायसन्स हार्डडिस्कच्या सीरियल नंबराला बांधलेलं असतं. माझं हिशेबाचं एक होतं तसं. क्लोननंतर सगळं सुरू झालं, हेच फक्त नवीन की मागत बसलं. देणारी कंपनी केव्हाच गुंडाळली होती. शेवटी वहीवर आलो.

निवांत_पाटील | गुरुवार, सकाळी ९.०५

क्लोन म्हणजे अकरा वर्षांचा कचरा नव्या घरात. फ्रेश टाकलेलं कधीही चांगलं, हे माझं ठाम मत. पण अक्षरजुळारींचं वाचून या एका बाबतीत गप्प बसतो.

इन्व्हर्टर | गुरुवार, सकाळी ९.३०

एसएसडीवर लिहून लिहून ती झिजते म्हणतात. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करावी, टेंपररी फायली जुन्या डिस्कवर वळवाव्यात असं आमच्या ऑफिसातला मुलगा सांगतो.

कळफलक | गुरुवार, दुपारी १.१५

झिजते हे खरं. पण हिशेब करून बघा. सॅमसंगची ८७० इव्हो, ५०० जीबीची, तिच्यावर कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तर वर्षाला ७.३ टीबी. भागाकार करा, एक्केचाळीस वर्षं. स्वस्तातली घेतली आणि निम्मी धरली तरी वीस. रोज २० जीबी लिहायला बाबांना किती पत्रिका कराव्या लागतील!

४ जीबी रॅमवर पेजफाइल बंद केली तर मशीन मधेच कोलमडेल. काही बंद करू नका. डीफ्रॅगही मुद्दाम करू नका. विंडोजच्या ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करायच्या खिडकीत नव्या डिस्कपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' आलंय का तेवढं बघा. ते आलं की विंडोज स्वतःच ट्रिम करत राहतं, म्हणजे डिलीट केलेल्या फायलींची जागा मोकळी करत राहतं.

जमलं तर डीडीआर-३ ची ४ जीबीची पट्टी मात्र टाका. जुनी चालेल.

तिरकसराव | गुरुवार, दुपारी २.००

हार्डडिस्क मरताना निदान कण्हते. एसएसडी काल होती, आज नाही. आणि ट्रिम झालेली डिलीट फाइल रिकव्हरीवाल्याच्या बापालाही मिळत नाही. हे कोणी सांगत नाही.

कळफलक | गुरुवार, दुपारी २.२०

हे मात्र शंभर टक्के बरोबर. बॅकअप.

जास्वंदी | शनिवार, १८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. आज धनत्रयोदशी, सोन्याच्या नावाने शंख, पण पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन एसएसडी आणली. साटा, ४८० जीबी, तीन हजाराच्या आत बसली, तीन वर्षांची वॉरंटी. रॅमची पट्टी साडेतीनशेत मिळाली. यूएसबीला लावायची साटाची केबलही घेतली.

गल्लीच्या तोंडाशी एक जण २ टीबीची 'पोर्टेबल एसएसडी' नऊशे रुपयांना देत होता. अंगठ्याएवढी. घेऊ का?

निवांत_पाटील | शनिवार, रात्री ९.२०

पळा तिथून.

इन्व्हर्टर | शनिवार, रात्री ९.४०

माझ्या साडूने घेतली होती. पहिल्या महिन्यात त्यात लग्नाचे फोटो भरले, सगळे दिसत होते, पण उघडेनात. खोबणीत नख घालून उघडली तर आत मोबाइलचं मेमरी कार्ड, आणि वजन यावं म्हणून लोखंडी पट्टी चिकटवलेली. विंडोजला मात्र २ टीबी सांगायची. अशी शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण भरून वाचून बघतं.

कळफलक | शनिवार, रात्री १०.३०

ताई, ४८० घेतलीत हे चांगलं, पण एक गाठ आहे. तुमची जुनी ५०० ची. विंडोज तिला ४६५ दाखवतं आणि नवीला ४४७. छोट्या कळशीत मोठ्या कळशीचं पाणी. पाणी कमी असेल तर मावेल, पण क्लोन करणारं सॉफ्टवेअर कळशीचा आकार बघून अडतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटचा ई ड्राइव्ह २५ जीबीने लहान करा. शेवटचाच, मधला नको.

आणि त्याच्याही आधी, म्हणजे मिरजेला पोचल्या पोचल्या, दोन कामं. बाबांच्या सगळ्या फायली दुसऱ्या कुठल्यातरी एक्स्टर्नलवर कॉपी. मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा आणि रंग सांगा.

जास्वंदी | बुधवार, २२ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

पाडव्याच्या शुभेच्छा! रंग पिवळा आहे. 'कॉशन'. सी-५ च्या ओळीत काहीतरी आकडा आहे. कॉपी करताना २०१७ च्या फोल्डरवर मशीन दहा मिनिटं थांबलं, आतून टक टक असा आवाज आला. शेवटी तीन फायली गेल्याच नाहीत. बाबा म्हणाले, तो आवाज गेलं वर्षभर येतोय, मला वाटलं पंखा.

चेक डिस्क चालवू का?

कळफलक | बुधवार, दुपारी १२.१५

नाही! आत्ता नाही. सी-५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारके कप्पे. चेक डिस्क दुखणाऱ्या पायाला पळवत नेईल. बाकीच्या फायली आल्या ना? मग आता तिला उगाच चालू ठेवू नका. क्लोन करायला बसाल तेव्हाच चालू करा.

हळूहळू मंद होत चाललेलं मशीन बऱ्याचदा असंच असतं. डिस्क एकच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, विंडोज ताटकळतं, आणि आपण व्हायरस शोधत बसतो.

जास्वंदी | शुक्रवार, २४ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

एसएसडीसोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरने ६१ टक्क्यांवर हात टेकले. 'वाचता येत नाही' म्हणालं आणि सगळं रद्द. ई लहान करून झालंय. आता?

अक्षरजुळारी | शुक्रवार, दुपारी ४.४०

धीर धरा ताई. माझंही असंच अडलं होतं. कळफलक येतीलच.

कळफलक | शुक्रवार, संध्याकाळी ५.२५

आलो. फराळाला बाहेर होतो.

आता क्लोनझिला, क्लोन करणारं फुकट सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवर तयार करा, त्यावरूनच मशीन सुरू होतं, विंडोजला जागवायचंच नाही. तीन गोष्टी.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा. विंडोज १० एरवी पूर्ण बंद होतच नाही, फास्ट स्टार्टअपसाठी अर्धवट झोपतं, आणि अशा झोपलेल्या पार्टिशनला क्लोनझिला हात लावत नाही.

पर्यायांच्या यादीत 'रेस्क्यू' निवडा. न वाचता येणारा सेक्टर आला तर तो सोडून पुढे जाईल. त्याच यादीत नव्या डिस्कचा आकार तपासू नको असाही एक पर्याय आहे, तोही घ्या. ई लहान केलाय म्हणून तो धोका पत्करता येतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर हे विचारेल तेव्हा आकडे मोठ्याने वाचा. ५०० वरून ४८० वर. उलटं झालं तर अकरा वर्षं पुसली जातील. तुमचा बॅकअप आहे म्हणून मी हे शांतपणे लिहितोय.

जास्वंदी | शुक्रवार, रात्री ११.५०

दोघींनी वाचलं, मी आणि आईने. ५०० वरून ४८० वर. आईने तर बोटही ठेवलं स्क्रीनवर. पावणेतीन तास लागले. झालं!

एसएसडी आत लावली आणि सुरू केलं. चार मिनिटं दहा सेकंद. काहीच फरक नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण दोन गठ्ठे मोजून माझ्याकडे बघितलं. फसवली का मला गल्लीत?

इन्व्हर्टर | शुक्रवार, रात्री ११.५५

जुनी अजून आतच आहे का?

जास्वंदी | शुक्रवार, रात्री ११.५७

हो, तिलाही राहू दिलंय. डेटासाठी.

कळफलक | शनिवार, २५ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

इन्व्हर्टररावांनी नेम धरला. मशीन अजून जुन्यावरूनच उठतंय. क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कांची ओळख हुबेहूब तीच असते. बायोसने, म्हणजे मशीन उठवणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने, नेहमीची निवडली आणि विंडोजने तोतयाला, म्हणजे तुमच्या नव्या एसएसडीला, ऑफलाइन ठेवलं असणार.

जुनीची साटा केबल आणि वीज, दोन्ही काढा. मग सुरू करा. निळा पडदा आला तर बायोसमध्ये साटाचा मोड बघा, तो आधी होता तसाच हवा. आयडीई आणि एएचसीआय यांत मधेच बदल केला तर विंडोज उठत नाही.

जास्वंदी | शनिवार, सकाळी ९.२०

एकोणतीस!

केबल काढली, बटण दाबलं, बाबांनी सवयीने गठ्ठा हातात घेतला. एकोणतिसाव्या पत्रिकेला डेस्कटॉप आला. घड्याळात छत्तीस सेकंद. बाबा थांबले, स्क्रीनकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, कारण आकडा चुकला होता.

पेजमेकर अकरा सेकंदांत. डोंगल लगेच ओळखलं. मराठी फाँट सगळे जागेवर. अक्षरजुळारीकाका, २०११ ची एक पत्रिका मुद्दाम उघडून बघितली, 'श्री गणेशाय नमः' अगदी ठणठणीत. त्या तीन फायली एका बंद पडलेल्या खानावळीच्या मेनूकार्डाच्या निघाल्या, कोणाला नकोच होत्या.

तक्रार एकच. मशीनचा आवाज येत नाही. आज सकाळपासून दोनदा चालू मशीनचं बटण दाबून त्यांनी ते बंद केलंय.

कळफलक | शनिवार, सकाळी ९.४५

वा! पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'बटण दाबल्यावर काहीही करू नको' असं ठेवा, आठवडाभर.

आता नव्या डिस्कवर चेक डिस्क चालवा, अर्धवट आलेल्या फायलींचा निकाल लागेल.

विंडोज १० चं म्हणाल तर घरगुती वापरासाठी नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. ती करून टाका. पुढे मग हे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त डीटीपीला ठेवा. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो मोबाइलवर घ्या आणि केबलने टाका.

तिरकसराव | शनिवार, सकाळी १०.३०

बैल पळाला म्हणायचा. जुनी डिस्क भंगारात देऊ नका, लोकांच्या लग्नाच्या याद्या, पत्ते, फोन नंबर आहेत तिच्यात.

अक्षरजुळारी | शनिवार, सकाळी १०.५०

तिरकसराव म्हणतात ते लाख मोलाचं. सहा महिने कपाटात ठेवा, वर तारीख लिहून. नंतर उघडून तबकड्यांना हातोडी. आणि एक्स्टर्नलवरचा बॅकअप दर महिन्याला.

निवांत_पाटील | शनिवार, सकाळी ११.००

त्या एक्स्टर्नलमध्ये साधी हार्डडिस्कच असू द्या. बाजूला ठेवायच्या डेटाला एसएसडी नको. वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडून राहिली तर आतला विद्युतभार गळतो.

जास्वंदी | शनिवार, सकाळी ११.२५

बरं. जुनी डिस्क आईच्या शिवणाच्या डब्यात गेली आहे, वर आजची तारीख.

शेवटचा एक बावळट प्रश्न. एसएसडी अजून कॅबिनेटमध्ये केबलला लोंबकळतेय. जुन्या डिस्कचे स्क्रू तिच्या भोकांत बसत नाहीत.

इन्व्हर्टर | शनिवार, सकाळी ११.३०

बसणारच नाहीत, ते जाड आट्यांचे. हिला एम-३ चे बारीक लागतात. सीडी ड्राइव्हला लावलेले असतात तेच. तो तसाही वापरत नसाल, त्याचे दोन काढा.

जास्वंदी | शनिवार, सकाळी ११.४५

बसले. सीडी ड्राइव्हमध्ये कसलीशी सीडी होती. 'फाँट २००९, नको काढूस' असं बाबांच्या अक्षरात लिहिलेलं. परत आत ठेवली.